मास्तरांचा गुडघा

चुडावा स्टेशन,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८६२

चि. बन्सीधरभावजींना नर्मदावहिनीचे मनापासून आशीर्वाद.

तुमचे पत्र पोचले. आत ठेवलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठीही पोचली. तिचे तुम्ही खाली मराठी करून दिलेत, पण तुमच्या वहिनीने सोलापुरास मामांकडे राहून मॅट्रिक केले आहे, हे विसरलात की काय? चिठ्ठी मी स्वतःच वाचली. वाचली नसती तर बरे झाले असते. तीत 'गुडघा उघडून' असे शब्द आहेत आणि मराठी करताना नेमके तेच तुम्ही गाळलेत. दार उघडतात, डबा उघडतात. गुडघा कसा उघडायचा? तेव्हापासून भाकरी थापतानाही डोळ्यांपुढे तेच येते.

यांचे दुखणे आता फार झाले. दसऱ्याआधी मालगाडीच्या शेवटच्या, गार्डच्या ब्रेकडब्यातून उतरताना गुडघा मुरगळला, सूज आली आणि उतरली, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. पण आता चालता चालता गुडघा मध्येच अडकतो. सरळ होत नाही, वाकतही नाही. मग हे भिंत धरून पाय हळूहळू फिरवतात, आत कट्ट वाजते आणि सुटतो. पूर्णेला आलेले रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, दोन हाडांच्या मध्ये कानाच्या पाळीसारखी मऊ चकती असते, तिला कूर्चा म्हणतात. ती फाटली आहे आणि तिचा तुकडा सांध्यात सापडतो. तो काढल्याखेरीज इलाज नाही.

गेल्या शनिवारचे लिहू नये असे वाटत होते, पण लिहिते. तुम्ही कचेरीत बसणारे, फलाटावरची रीत तुम्हाला काय कळणार! न थांबणारी गाडी आली की वेताच्या कड्यात अडकवलेला गोळा धावत्या इंजिनवरच्या माणसाच्या हाती द्यावा लागतो. तो मिळाल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जायची मुभा नाही. काम खरे रूळ बदलणाऱ्या सटवाजी पॉइंटमनचे. पण तो यार्डात असला की स्टेशनमास्तर असून हेच कडे धरून फलाटाच्या कडेला उभे राहतात. शनिवारी कडे दिले आणि मागे सरताना गुडघा अडकला. गाडी चाललेली, डबे अंगावरून गेल्यासारखे जवळून जात होते, आणि हे एका पायावर. मी दारातून पाहत होते. ओरडलेसुद्धा नाही, ओरडले आणि यांनी वळून पाहिले तर?

आणि हे? गाडी गेल्यावर लंगडत आले, म्हणाले, "चहा टाक." मी रडू लागले तर म्हणतात, "अगं, डबा नादुरुस्त झाला की सिकंदराबादेला पाठवतातच. तसा मी चाललोय." यांना जराही भीती वाटत नाही, याचेच मला भय वाटते.

मला एवढे विचारून कळवा. क्लोरोफॉर्म दिलेला माणूस नक्की जागा होतो ना? पुन्हा मांडी घालून पूजेला बसता येईल ना? आणि तुकडा काढल्यावर त्या जागी काय बसवतात? पूर्णेच्या पार्सलबाबूची बायको म्हणाली की बोकडाची कूर्चा घालतात. तसे असेल तर आम्ही येत नाही.

तुमची,
नर्मदावहिनी


सिकंदराबाद,
ता. १० डिसेंबर १९४०

तीर्थरूप वहिनींच्या पायांवर बन्सीधरचे डोके.

मॅट्रिकचा अपमान झाला, माफी असावी. यापुढे काही गाळणार नाही.

कचेरी सुटल्यावर डॉक्टरांना भेटलो आणि तुमचे प्रश्न विचारले. बोकड ऐकून ते इतके हसले की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली. त्या जागी काहीच बसवत नाहीत, वहिनी. एकाची कूर्चा दुसऱ्याला बसवण्याची विद्या अजून कोणाला साधलेली नाही. पुढे कधी साधेल म्हणतात. तूर्त फाटलेला तुकडा काढायचा, बाकीचे काम मांडीचे स्नायू सांभाळतात. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी मांडी कसायला हवी. दादांना खाटेवर बसवा, घोट्याला वजन बांधा आणि पाय सरळ उचलून खाली ठेवायला लावा. रोज सकाळ-संध्याकाळ.

मांडी घालून बसण्याचे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. चालता येईल, जिना चढता येईल, पाय अडकणार नाही, एवढे ते म्हणाले.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गुडघ्यावर ओरखडा, फोड, पुरळ काहीही असता कामा नये. कातडीवरची घाण आत गेली आणि सांध्यात पू धरला तर पाय हातचा जातो. कातडी धड नसेल तर ते सुरी हातात घेणार नाहीत, तसे त्यांनी मला बजावले. हे दादांना वाचून दाखवा. एकदा वाचून भागणार नाही, त्यांचे लक्ष घड्याळात असते, दोनदा वाचा.

तिसरे तुमच्या धीरासाठी. आमच्या मागच्या चाळीत एक फायरमन राहतो. त्याचे हेच ऑपरेशन झाले. परवाच त्याला बाजारात चालताना पाहिला.

तुमचा,
बन्सीधर


चुडावा,
मार्गशीर्ष वद्य ६

चि. भावजी,

फायरमनचे वाचून मी देवापुढे साखर ठेवली.

वजनाची सोय केली. जुन्या धोतराची पिशवी शिवून तीत जोंधळे भरले. सटवाजी वाळू आणून देत होता, पण वाळू नंतर फेकावी लागते, जोंधळे दळता येतात. हे खाटेवर बसतात, मी समोर बसून स्तोत्र म्हणते. स्तोत्र संपेतो पाय उचलायचा आणि ठेवायचा. काल म्हणाले, "तुझं स्तोत्र लांबतंय. आता नुसती आरती म्हण."

तुमचे पत्र यांना दोनदा वाचून दाखवले. कातडीचा मजकूर आला तेव्हा पुन्हा वाच म्हणाले, म्हणून तिसऱ्यांदाही वाचला. बघा, किती लक्ष घालतात!

सासूबाई पोखर्णीहून आल्या आणि घरात रण पेटले. त्यांनी गाठोड्यातून बिब्बे काढले. तुमच्या पाठीवर लहानपणी लावलेल्या बिब्ब्याचा डाग अजून असेलच. तेल लावले, कातडी भाजली, फोड येऊन पाणी वाहिले की दुखणेही वाहून गेले, हे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, "सासूबाई, बिब्ब्यानं वरची कातडी भाजेल. आत सापडलेला तुकडा कसा निघेल?"

"तू लय शिकलीस. चाकूनं पाय चिरून घ्यायची हौस हाय तुमाला. आमी मातर अडानी."

"डॉक्टरांनी फोड येऊ देऊ नका म्हणून लिहिलंय."

"डाक्टर काय माज्या लेकराला वळखतो? त्याला काटा टोचला की ताप येत व्हता."

मग हेच मध्ये पडले. हसत म्हणाले, "आई, तुझी सून डाक्टराहून कडक हाय. ठेव ते गाठोड्यात." सासूबाई रुसून जेवल्या नाहीत. दोन दिवसांनी यांनीच त्यांना पोखर्णीला नेले. नृसिंहाचे दर्शन घेऊन काल परत आले, सासूबाईंना सोबतच घेऊन. आम्ही सिकंदराबादेस असू तेव्हा म्हैस त्या सांभाळतील. मी नवस बोलले आहे. काय ते पाय चालू लागला की सांगेन.

पोखर्णीहून आल्यापासून हे जरा गप्प आहेत. प्रवासाने गुडघा दुखतो म्हणून फडके गुंडाळून ठेवतात. सहज विचारत होते, तो फायरमन पाय दुमडतो ना? मी म्हटले, चालतो म्हणजे दुमडतच असेल. तरी तुम्ही कळवा.

नर्मदावहिनी


सिकंदराबाद,
ता. २६ डिसेंबर

ती. वहिनी,

घाईत लिहितो. खाट मिळाली. सोमवार ता. ६ जानेवारीला ऑपरेशन, शनिवारी भरती. दोघांचे पास सोबत आहेत. तुम्ही आमच्याकडे राहायचे. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना रात्री राहू देत नाहीत. येताना चकल्या आणाव्यात. रोग्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

फायरमनबद्दल दादांचेही पत्र आले होते, त्यांना लिहिले आहे. तुम्ही त्यात डोके घालू नका.

बन्सीधर


चुडावा,
पौष शुद्ध ३

भावजी,

चकल्या केल्या नाहीत. आज हे का लिहावे लागत आहे, माझ्या हातून काय चुकले, काही कळत नाही.

भरतीच्या आधी गुडघा रोज साबणाने धुवावा असे डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. मी गरम पाणी घेऊन बसले तर हे फडके सोडू देईनात. "मी धुईन, तू जा." नवऱ्याचा गुडघा मी काय आज पहिल्यांदा पाहणार होते? थट्टेने ओढले आणि फडके सुटले. आतल्या बाजूला, डॉक्टरांनी पूर्णेला शाईने खूण करून दाखवली होती तिथेच, टरारून फोड आलेले. एक फुटलेला, पाणी वाहतेय, भोवती काळे. बिब्ब्याचा वास मला कळतो.

मी सासूबाईंना नको ते बोलले. ओट्यावर उभी राहून बोलले, साऱ्या स्टेशनाने ऐकले. तुम्ही लेकाचे वैरी आहात, असेही म्हणाले. त्यांनी एक शब्द काढला नाही. गाठोडे बांधले, पदर डोक्यावरून घेतला आणि स्टेशनात जाऊन बसल्या. हे खाली मान घालून तिकिटे मोजत राहिले. आईला थांब म्हणाले नाहीत, मलाही गप्प बस म्हणाले नाहीत. सासूबाई पॅसेंजरने पोखर्णीच्या वाटेला लागल्या.

संध्याकाळी सटवाजी कंदील घ्यायला आला आणि दारातच थबकला. म्हणाला, "बाईसाब, म्हातारीला कशाला बोललाव? बिब्बा मास्तरनं माज्यापाशी मागितला. म्या म्हनलं, कशाला? तर म्हनले, घरात बोलू नगंस. दिव्याच्या खोलीत बसून सोताच लावला. म्या आणून दिला नसता, पर मास्तरचा हुकूम. न्हाई कसं म्हनू?"

भावजी, फोड आला तर सुरी धरणार नाहीत, हे यांना माझ्याच तोंडून कळले. मी तीनदा वाचले.

मला ठाऊक झाले आहे हे मी यांना अजून सांगितलेले नाही. गोळा द्यायला आजही हेच उभे होते. गाडी आली की मी आत जाऊन कानांत बोटे घालते. चाके पुढे गेल्याचे जमिनीला कळते, मग बाहेर येते. ऑपरेशन केले तर पायाचे काय होईल, न केले तर यांचेच काय होईल, या दोन्हींच्या मध्ये मी सापडले आहे. यांनी तुम्हाला काय विचारले होते आणि तुम्ही काय लिहिलेत, ते आता खरे सांगा.

नर्मदा


सिकंदराबाद,
ता. ३ जानेवारी १९४१

ती. वहिनी,

लिहितो. रागवा, पण वाचा.

दादांनी विचारले होते, तो फायरमन पाय दुमडतो का. नाही दुमडत. ऑपरेशननंतर त्याच्या सांध्यात पू झाला. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो काठीसारखा ताठ राहिला. इंजिनवरून त्याला काढले, आता दिवे पुसतो. बाजारात चालताना पाहिला हे खरे. कसा चालत होता ते मी तुम्हाला लिहिले नाही. दादांना मात्र खरे लिहिले आणि वर 'वहिनींना कळू देऊ नका' अशी तंबी दिली. म्हणजे एकट्याच्या डोक्यावर ठेवले ते ओझे. बाकीच्या रोग्यांचे काय झाले, हे तेव्हा मी विचारलेच नव्हते. तुमचे पत्र आल्यावर धावत जाऊन विचारले. या डॉक्टरांनी असे बरेच गुडघे केले आहेत. बहुतेक माणसे कामावर परतली, क्वचित एखादा असा निघाला. क्वचित म्हणजे शून्य नव्हे, असे ते स्वतःच म्हणाले. मी त्यातले काही गाळलेले नाही.

फोडाचे मला सांगावेच लागले. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "हात मोडून घेणारेही पाहिलेत मी. तुमचा भाऊ शहाणा म्हणायचा, कातडीवर भागवलं." मग गंभीर झाले. जखम पुरती भरून नवी कातडी येईतो सहा आठवडे हात लावणार नाहीत. तोवर दादांनी फलाटाच्या कडेला उभे राहायचे नाही, तसा कागद त्यांनी वर पाठवला आहे. आणि म्हणाले, "त्याला घाबरू नको म्हणून सांगू नका. घाबरलोय हे त्याला माझ्यासमोर म्हणू द्या."

बन्सीधर


चुडावा,
पौष वद्य ५

चि. भावजी,

तुमच्यावरचा राग संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर गिळला. पुरता नाही.

डॉक्टरांचा कागद आला आणि गोळा द्यायला पूर्णेहून लिंबाजी नावाचा माणूस आला. तो पहिल्यांदा कडे घेऊन उभा राहिला तेव्हा हे खुर्चीवर बसून पाहत होते. गाडी गेली. मी जवळ जाऊन म्हटले, "बिब्बा कोणी लावला ते मला ठाऊक आहे."

यांनी लिंबाजीला यार्डात पाठवले. मग म्हणाले, "रोज गाडी दिसली की म्हणायचो, आज अडकला तर? आणि ऑपरेशन म्हटलं की तो फायरमन. इकडं आड, तिकडं विहीर, नर्मदे. जरा वेळ कुठंच जायचं नव्हतं मला. फोड आला तेव्हा दुखलं, पण झोप लागली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आधीच एवढी भ्यालेली. घरात एकानं तरी हसावं ना."

मला वाटत होते यांना भीती नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी पोखर्णीला गेले. सासूबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मी पायांवर डोके ठेवले तर सूप बाजूला सारून म्हणाल्या, "उठ, तुरी सांडशील."

"तुम्हाला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाही?"

"आगं, लेकरू भ्यालं की मायच्या पदराआड लपतंय. म्या पदर सारला असता तर त्यानं कुटं जावं? तुज्या शिव्यानं मला काय भोकं पडतेत व्हय?" मग सूप पुन्हा उचलत म्हणाल्या, "पर लय लागल्या. शिकलेल्या शिव्या लय लागतेत."

त्या परत आल्या आहेत. बिब्ब्यांचे गाठोडे आणले नाही, ते त्यांनी दारातच मला दोनदा सांगितले. जखमेवर रोज खोबरेल लावते, खपली धरली आहे. पिशवी पुन्हा घोट्याला बांधली. स्तोत्र चालू आहे. हे आता थट्टा कमी करतात. त्याने मला अधिकच धास्ती वाटते, पण निदान दोघांची धास्ती एका घरात आहे.

नवी तारीख कळवा.

नर्मदावहिनी


दवाखाना, सिकंदराबाद,
रविवार संध्याकाळ, माघ वद्य ५

सौ. नर्मदेस,

बन्सी आत्ता निघतो आहे, त्याच्या हाती देतो. पेन्सिल नर्सची आहे.

गुडघा धुऊन, औषध चोपडून पांढऱ्या पट्टीत बांधला. कातडी छान आली म्हणाले डॉक्टर. समोर कागद ठेवला, यावर सही करायची. मग माझ्या खाटेवर बसले आणि विचारले, "भीती वाटते?" मी हो म्हणालो. भोवती वॉर्डभर माणसे होती, तरी म्हणालो. ते म्हणाले, "सकाळपर्यंत नाही म्हणालात तरी चालेल. कोणी हसणार नाही."

कागद अजून कोरा आहे. मला दोन्ही पाय चालताना दिसतात, मग तो फायरमन दिसतो. तू इतके दिवस हिशेब ठेवलेस घराचा, कुठे आणा चुकला नाही. हा हिशेब मला जमत नाही. तुझे मत काय? बन्सीला परत पाठव.

दिनकर


बन्सीधरभावजींचे घर,
तीच संध्याकाळ

तुमच्या पायांना हात लावून लिहिते.

हा हिशेब मलाही जमत नाही. खर्च कळतो, जमा देवाच्या हाती. म्हणून मत देत नाही. दोन्हीकडे मी काय करीन तेवढे सांगते, मग तुम्ही ठरवा.

नाही म्हणालात तर सकाळच्या गाडीने दोघे घरी जाऊ. मी एक शब्द बोलणार नाही. हे खोटे आहे. बोलेन, पण महिनाभराने. मात्र फलाटाच्या कडेला तुम्ही पुन्हा उभे राहायचे नाही. दुसरे काम द्या अशी दरख्वास्त मी स्वतः लिहीन आणि तुमची सही नसली तरी धाडीन. पगार कमी होईल. भागवीन.

हो म्हणालात आणि पाय ताठ राहिला, तर देवघर भिंतीवरच्या कोनाड्यात नेऊ. उभ्याने पूजा करा, देव काही उठून जात नाही. जेवायला चौरंग उंच करून घेऊ. लोक हसतील, त्यांना सासूबाई बघून घेतील. ताठ पायाच्या माणसाबरोबर म्हातारी व्हायला माझी हरकत नाही. गाडीखालून तुम्हाला उचलायची ताकद मात्र माझ्यात नाही, ती देवाकडे मागायचीही मला इच्छा नाही.

आणि पाय बरा झाला, तर काय करायचे याचा विचार मी केलेला नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

मी भ्याले आहे. तुम्हीही भ्यालात. भ्यालेल्या माणसाला सही करता येते, एवढेच मला ठाऊक आहे.

नर्मदा


(त्याच कागदाच्या पाठीवर, पेन्सिलने)

सही केली. पहाटेपासून पाणीसुद्धा देणार नाहीत म्हणतात, तेव्हा रागावलेला असेन. तू ये मात्र.